धुवायचा राहिलेला रोल

लॉज चालवणाऱ्या बाईने संशयी असायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुरुडला आमच्या दोनच खोल्या आहेत, समुद्रापासून नारळाची एक वाडी सोडून आत. पण त्या दोन खोल्यांतून आजवर काय काय गेलंय म्हणून सांगू. टॉवेल जातातच, ते मी धरूनच चालते. एकदा न्हाणीघराची कडी गेली. स्क्रू काढून, अगदी व्यवस्थित. म्हणजे तो माणूस सुट्टीवर येताना बॅगेत पेचकस घेऊन आला होता. असलं सगळं बघितल्यावर कुणी नुसतं हसून बोललं तरी माझ्या मनात पाल चुकचुकते, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. मी गेले होते फोटो स्टुडिओत. लग्नाआधी पनवेलला एका स्टुडिओच्या काळोख्या खोलीत रोल धुण्याचं काम मी करायचे. पुढे रोलच गेले, स्टुडिओ बंद पडला, माझं लग्न झालं आणि मी चादरी धुवायला लागले. काही वर्षांपूर्वी अलिबागला एक जुना स्टुडिओ आवरत होते, तिथून मी रोल धुवायचं फिरतं मशीन उचलून आणलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. मी लक्ष दिलं नाही.

मशीन म्हणजे तरी काय, प्लॅस्टिकची एक लांबट टाकी. तिच्यात पाणी भरायचं. त्या पाण्यात एक काळा ड्रम आडवा पडून फिरतो, बाजूला लहानशी मोटर. थोडा वेळ ड्रम इकडे फिरतो, खट् करून थांबतो आणि मग उलटा फिरतो. आतल्या रिळावर फिल्म गुंडाळलेली असते. ड्रम फिरता असल्यामुळे तिला औषध थोडंच पुरतं, आणि टाकी हातात धरून सारखी उलटीपालटी करावी लागत नाही. माझं मनगट आता असल्या कामाला साथ देत नाही, म्हणून मला ते फार आवडतं. उन्हाळ्यात इथलं पाणी नळातूनच कोमट येतं. मग मासळीबाजारातून बर्फ आणायचा, टाकीत टाकायचा आणि थर्मामीटर धरून बसायचं. शेजारच्या वाडीतल्या काकूंना एकदा माझ्या औषधांतल्या व्हिनेगरचा वास आला, मोटरची घरघर ऐकू आली, त्यात मी बर्फ नेताना दिसले. त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं की तुमच्याकडे काही गाळताबिळता का. नवरा त्या मशीनला ‘हिचं वॉशिंग मशीन’ म्हणतो. येणाऱ्याजाणाऱ्यालाही तेच सांगतो.

आता आईचं सांगते.

माझी आई तळा तालुक्यातल्या गावात धाकट्या भावाकडे राहायची. भातशेतीचं घर. एके सकाळी ती उठली तीच तोंड वाकडं घेऊन. गावात म्हणाले, वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस आहे, डोक्याचं काही नाही, हातपाय धड आहेत, तोंडही येईल हळूहळू जागेवर. पुष्कळांचं येतं म्हणे. आईचं थोडं आलं आणि तिथेच थांबलं. उजवा डोळा पुरता मिटेना आणि ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळलेलाच राहिला. मुरुडला शेक देणारी, गालाचे व्यायाम करून घेणारी एक बाई चांगली आहे असं कळलं, म्हणून मी तिला आमच्याकडे आणली.

लेकीकडे राहायला ती मुळीच राजी नव्हती. जुनी माणसं ही, लेकीच्या दारचं पाणी प्यायचं तरी त्यांच्या जिवावर येतं. राहायचंच तर बसून खायचं नाही, एवढा तिचा हट्ट. दिसेल ते काम ओढून घ्यायची, न सांगता, न विचारता. मी भिजत घातलेल्या चादरी मी बाजारातून येईपर्यंत दोरीवर गेलेल्या असायच्या. एकदा पाहुण्यांनी वाळत टाकलेले पोहायचे कपडे हिने काढून, पुन्हा धुऊन, घड्या करून त्यांच्या दारात ठेवले. मी रागावले की म्हणायची, मग काय नुसती बसू? पण माणसांसमोर यायची नाही. कुणी आलं की पदर तोंडावर आणि बाई मागच्या दारी.

मध्ये तिची थोरली जाऊ वारली. दिवसांना आम्ही दोघी तळ्याला गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता तो आधार कार्डावरचा, मोठा करून आणलेला. बिचाऱ्या थोरल्या काकू त्यात काहीतरी चोरताना पकडल्यासारख्या दिसत होत्या. आयुष्यभर राबलेली बाई, आणि येणारा प्रत्येक जण तिच्या त्या तोंडाला नमस्कार करत होता. आई बराच वेळ तिकडे बघत होती. परत येताना एसटीत माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “माजा असा लावू नका.”

तिचा आधीचा धड फोटो तरी कुठे होता? लग्नांच्या ग्रुपमध्ये ती कायम मागे, कुणाच्या तरी खांद्याआड. आणि आता तोंड हे असं. गावाला भावाच्या मुलीने हौसेने मोबाइलवर तिचा फोटो काढला होता, लगेच तिच्यासमोर धरला, आणि ती काही बोलायच्या आत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाही. त्यानंतर आईने मोबाइल दिसला की तोंड फिरवायचं ठरवून टाकलं. पण भिंतीवर आपलं काय लागणार याचा घोर तिच्या मनातून जाईना. रोज कुठून तरी विषय तिथेच यायचा. मी मेल्यावर लोक मला वाकडीच बघणार, असं एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. 

मग मी तिला माझ्या कॅमेऱ्याचं सांगितलं. ह्यात लगेच काही दिसत नाही, मागे पडदाच नाही. फोटो आत रोलवर असतो, मी माझ्या न्हाणीघरात रोल धुतला की मग दिसतो, मला एकटीला. मग तू बघायचा. तू म्हणालीस तर ठेवू, नाहीतर कात्रीने तुकडे करू. तिला हे कुठेतरी पटलं असावं, पण हो म्हणायला तिने पुष्कळ दिवस घेतले. मी मागे लागले नाही. तिच्या मागे लागलं की ती हमखास उलट करते, हे मी लहानपणापासून जाणून आहे.

एका सकाळी ती स्वतःच हिरवं इरकल नेसून मागच्या पडवीत येऊन बसली. वाडीतून उजेड छान येत होता, ऊन नाही, नुसता उजेड. आधी डावी बाजू माझ्याकडे करून बसली, पदर हनुवटीपर्यंत ओढून. मी काढत गेले. बोलत काहीच नव्हते, उगाच काहीतरी बोलले असते आणि ती उठली असती. रोल संपत आला तेव्हा तिने आपणहून पदर खाली घेतला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं. तिने पुन्हा पदर ओढेपर्यंत मी कॅमेरा डोळ्यापासून काढलाच नाही. त्या एका फोटोसाठी मी तो रोल जिवापाड जपणार होते.

रोल काढून मी डब्यात ठेवला आणि डबा न्हाणीघरातल्या फळीवर, मशीनच्या शेजारी. फिल्मची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, मी रोलच्या डबीबाहेर ठेवते, म्हणजे रिळावर चढवायला बरं पडतं. त्याच दिवशी धुतला असता, पण नेमके शनिवार-रविवार आले, दोन्ही खोल्या भरलेल्या. त्यात भावजय आली, आईला भेटायला म्हणून. ती येणं ही साधी गोष्ट नव्हती. आई लेकीकडे राहते म्हणून गावात लोक भावाला बोलायचे, आणि त्याचा राग भावजय माझ्यावर काढायची. तोंडावर काही नाही, सगळं गोडगोड. असं साळसूद बोलणारं माणूस मला जास्त खुपतं.

ते दोन दिवस मी नुसती पळत होते. नवरा पाहुण्यांना आणायला आगरदांड्याला गेला, ते दिघीहून फेरीने येणार होते. मी बाजारात, स्वयंपाकात, खोल्यांत. आणि सारखं माझ्या तोंडी एकच, अगं बाई, रोल धुवायचा राहिलाय. जेवायला बसले की तेच, नवऱ्याशी फोनवर बोलताना तेच. भावजयसुद्धा म्हणाली, ताई, किती जीव टाकताय त्या रोलसाठी. मला ते वाक्य तेव्हाच टोचलं होतं.

सोमवारी पाहुणे गेले, भावजय सकाळच्या गाडीने गेली. मी बर्फ आणला, टाकी भरली, औषधं काढली. उजेड आत न येणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून फिल्म रिळावर चढवायला घेतली तर ती अडायला लागली. थोडी जायची, मध्येच चिकटायची. समुद्राकाठी दमट हवा, असं होतं कधीकधी, म्हणून मी हळूहळू चढवली आणि ड्रम बंद केला.

आधी ड्रममध्ये नुसतं पाणी घालून फिरवायचा असतो. मग ते ओतलं की निळंजांभळं निघतं, नवी साडी पहिल्यांदा धुतली की निघतं तसं. फिल्मवरचा तो रंग असतो. त्या दिवशी मी पाणी ओतलं तर ते जसं घातलं तसंच बाहेर आलं. स्वच्छ. मी एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. पण डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं औषध, गार करून तयार होता, थांबले तर पुन्हा तापणार. मी म्हटलं, असेल एखादा रोल निराळा, आणि पुढे गेले. ड्रम इकडे फिरला, तिकडे फिरला. व्हिनेगरचं पाणी झालं, फिक्सर झाला. झाकण उघडून फिल्म ओढली. सगळी फिल्म काळी होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, डांबर फासल्यासारखी.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. नंतर लगेच संताप आला. रडण्याआधी मला संतापच येतो.

फिल्म वाचता येते, स्टुडिओत मी तेच शिकले होते. औषध वाया गेलेलं असेल तर फिल्म काचेसारखी कोरी निघते, कडेला कंपनीने घातलेले आकडेसुद्धा उमटत नाहीत. कॅमेऱ्यात घोळ असेल तर आकडे उमटतात, फोटो नसतात. आणि कडेसकट सगळं काळं असेल तर तिला उजेड लागलेला असतो. मी काळी पिशवी तपासली, आत टॉर्च लावून बघितला, एकही भोक नाही. ड्रममध्ये दुसऱ्या रोलचा तुकडा घालून धुतला, तो ठणठणीत निघाला. म्हणजे मी धुवायला घेण्याआधीच कुणीतरी भर दिवसा तो रोल पार शेवटपर्यंत उघडला होता आणि पुन्हा गुंडाळून, साळसूदपणे डब्यात घालून ठेवला होता. पाहुण्याने चुकून उघडला असता तर तसाच टाकून पळाला असता. पुन्हा गुंडाळून ठेवायला मनात काहीतरी असावं लागतं.

पहिला संशय तरीही पुण्याहून आलेल्या जोडप्यातल्या मुलावर गेला. तो मशीन बघायला दोनदा आत आला होता आणि हात मागे बांधून उभं राहणाऱ्यातला नव्हता. पण त्याच्या गळ्यात स्वतःचा रोलचा कॅमेरा होता. ज्याला रोल कळतो तो असं करणार नाही. मग नवरा. नवऱ्याची मी रीतसर उलटतपासणी घेतली. तो म्हणाला, तुझ्या त्या फळीला हात लावायची माझी छाती नाही. हे मात्र खरं होतं.

राहिली भावजय. जितका विचार केला तितकं सगळं तिच्याकडेच जात होतं. आईचा चांगला फोटो लेकीच्या घरी निघाला, तो उद्या गावच्या भिंतीवर लागणार, येणारेजाणारे विचारणार कुणी काढला, आणि पुन्हा तेच, की मुलाने नाही, लेकीने. हे तिला सोसलं नसेल. मी तिला फोन लावला. आधी पोरांची चौकशी केली, आणि मग खडा टाकून बघितला, की तू आलीस तेव्हा माझ्या न्हाणीघरात गेली होतीस का. हात धुवायला गेले असेन, म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, एक रोल खराब निघाला.  त्यावर ती म्हणाली, “ताई, आईंनाच विचारा ना.”

झालं, मला वाटलं, चोरी पकडली गेली. आता म्हातारीच्या खांद्यावर बंदूक ठेवतेय. मी फोन ठेवून दिला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आईंनाच विचारा म्हणजे काय? आईला काही माहीत आहे? की आईनेच? आणि मग तो विचार आला, जो मला येऊ द्यायचा नव्हता. तिने पदर खाली घेतला होता, मग रात्रभर पस्तावली असेल. कुणी ते तोंड बघण्याआधीच नाहीसं करून टाकावं असं तिला वाटलं असेल. स्वतःच्या आईवर संशय घेताना तोंड कडू होतं, पण घेतला मी.

तिला मी एवढंच सांगितलं होतं, की आई, रोल खराब झाला, एकही फोटो आला नाही, पुन्हा काढू. ती बरं म्हणाली. ना कसा झाला विचारलं, ना कधी काढू विचारलं. नुसतं बरं. ते बरं मला मुळीच बरं वाटलं नाही.

त्यानंतर ती घरातही पदर तोंडावर घेऊन वावरायला लागली. माझ्यासमोर, जावयासमोर. जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायची. गाल फुगवायचे, फुंकर मारायची हे व्यायाम तिने बंद केले, शेक देणाऱ्या बाईला दारातून परत पाठवलं. कॅमेऱ्याचा विषय काढला की उठून वाडीत जायची. मी मनात म्हणायचे, बघा, लपवतेय. ती माझ्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. एकाच घरात आम्ही दोघी एकमेकींवर डोळा ठेवून होतो. मला वाटायचं, पहारा फक्त माझाच आहे.

मग एक दिवस नवरा माझ्याजवळ आला. हा माणूस बायकांच्या भानगडीत पडत नाही, पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला होता. आईने त्याला वाडीत एकट्याला गाठून विचारलं होतं, जावईबापू, माझे फोटो तिने कुठे लपवलेत ते तुम्हाला ठाऊक आहे का. तो म्हणाला, फोटो आलेच नाहीत. त्यावर आई म्हणाली, आलेत. फार वंगाळ आले असणार, म्हणून मला दाखवत नाही. तिला सांगा, फाडून टाक, पण घरात ठेवू नको.

 म्हणजे मी तिच्यावर पाळत ठेवून बसले होते, आणि तिकडे ती ठरवून बसली होती की तिचं तोंड लेकीलासुद्धा बघवलं नाही. सगळे दिवस ती हे मनात घेऊन, भिंतीकडे तोंड करून माझ्या हातचं जेवत होती. 

मी ती काळी पट्टी टाकून दिली नव्हती. ती घेतली आणि मागच्या पडवीत गेले. आई झावळीचे हीर काढत बसली होती, खराट्यासाठी. मी पट्टी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, “हा तुझा रोल. काही लपवलेलं नाही. बघ, ह्यात एक तरी फोटो आहे का.”

तिने कोयता बाजूला ठेवला. पट्टी उजेडाकडे धरून चांगली निरखून बघितली. मग माझ्याकडे बघितलं, ते मी गिऱ्हाइकाकडे बघते तशा नजरेने.

“ह्यो न्हाय त्यो,” ती म्हणाली. “त्यो असा काळा नव्हता. राखाडी होता, जांभळट. मी बघितला ना.”

“कधी बघितलास?”

“धुतला तेवा.”

मला आधी काही कळलंच नाही. मग ते स्वच्छ पाणी डोळ्यांसमोर आलं, आणि सगळं कळलं.

तिने सगळं सांगितलं, अगदी सरळ, आणि थोडं अभिमानानेसुद्धा. मी दोन दिवस नुसती धावत होते आणि सारखी म्हणत होते, रोल धुवायचा राहिलाय, रोल धुवायचा राहिलाय. तिला दया आली. लेकीच्या डोक्यावरचं एक काम तरी उतरवावं. मशीनला तिने हात लावला नाही, वीज असते म्हणून. रोल डब्यातून काढला, जीभ धरून पुरता ओढला, आणि पडवीत घमेल्यात स्वच्छ पाणी घेऊन धुतला. साबण लावला नाही, वस्तू नाजूक म्हणून. रंग जायला लागला तेव्हा जरा घाबरली, पण मग वाटलं, मळ असेल. दोन पाण्यांतून काढला, चिमटा लावून दोरीवर सोडला, आणि वाऱ्याने खडखडीत वाळल्यावर बॉबिनवर दोरा गुंडाळावा तसा मधली दांडी फिरवून पुन्हा त्याच्या डबीत गुंडाळून जागच्या जागी ठेवून दिला. भावजय शेजारी बसून लसूण सोलत होती, तिच्यादेखत. तीही बिचारी म्हणाली होती, बरं झालं, ताईंचं काम हलकं झालं.

आता मला सांगा, कुणाला दोष देणार? आम्ही सगळेच म्हणतो, रोल धुवायला टाकलाय, रोल धुऊन आणला. स्टुडिओच्या पाटीवरसुद्धा तसंच लिहिलेलं असायचं. उन्हात नेऊ नका असं त्या एका शब्दात कुठे आहे? आणि जिने जन्मभर घमेल्यात धुतलं, तिने दुसरं काय करायचं होतं?

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला पुढे बोलायची भीती वाटत होती. खरं सांगितलं तर तिने एवढ्या मायेने केलेलं काम तिच्याच फोटोच्या मुळावर आलं, हे तिला कळणार. ती ते मनाला लावून घेणार, पुन्हा कशाला हात लावणार नाही. नाही सांगितलं तर ती असंच समजत राहणार की फोटो आलेत आणि लेक लपवतेय. आणखी एखादी थाप सुचतेय का ते मी खरोखर बघितलं. पण आमच्या दोघींत एवढा संशय साचला होता की त्यात आणखी एक थाप मला नको झाली.

मी तिच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं. म्हटलं, आई, ह्या फिल्मला उजेड चालत नाही. आधी काळोखात औषध द्यावं लागतं, मग उजेड. आम्ही त्याला धुणं म्हणतो, पण ते आपलं धुणं नव्हे. तू तो पडवीत ओढलास, तेव्हा सगळ्या फोटोंवर उजेड पडला आणि सगळे गेले. पाण्याने काही झालं नाही. उजेडाने झालं.

तिने पट्टी पुन्हा उचलली. ह्या वेळी बघितली नाही, नुसती बोटांवरून फिरवली.

“म्हंजे आधी फोटो होता हेच्यावर?”

“होता.”

“तू बघितलास?”

“नाही. कुणीच नाही बघितला. मी तो बघायच्या आधीच गेला.”

“म्हंजे माज्या हातानं गेला,” ती सावकाश म्हणाली. “तोंडानं न्हाय.”

मी मान हलवली. ती हसायला लागली. तिला अर्ध्याच तोंडाने हसता येतं, पण हसली पुरती, अंग हलवून, हातातले हीर पडवीभर सांडेपर्यंत. आजारी पडल्यापासून तिला मी असं हसताना बघितलं नव्हतं. मला मात्र रडू फुटलं, आणि थांबेना. तिने माझ्या पाठीवर एक चापट मारली.

“रडतेस काय, बाय,” म्हणाली. “कॅमेरा आण.”